टीव्ही गेमचा मोडका पॉवर स्विच बदलताना

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता, त्यांना ‘डायरेक्ट करणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. चालू-बंदचा स्विच मोडला की गेम कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जायचा. तो आतल्या आत स्विचचे दोन पाय तारेच्या तुकड्यानं जोडायचा आणि सांगायचा, ‘‘डायरेक्ट केलाय, आता भिंतीवरच्या बटणावरून चालू करा.’’ आमचा गेम पंचवीसएक वर्षं तसाच होता. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून खोकं खाली आलं. आत गेम, दोन कंट्रोलर, सहा कॅसेट आणि गुंडाळून गुंडाळून वायर कडक झालेला अडॅप्टर. भाच्यानं मोठ्या उत्साहानं स्विच सरकवला. गेम आधीच चालू होता, त्यामुळे काहीच झालं नाही. मग त्यानं उलटा सरकवला, तरी काही नाही. ‘‘मामा, हा खराब आहे,’’ त्याचा निकाल.

पुढच्या रविवारी मी तो स्विच बदलला. कधीच सोल्डरिंग न केलेल्या माणसाला जमेल अशी ही दुरुस्ती आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. एक आधीच सांगतो: नवा स्विच बसवणं हा यातला सोपा भाग. जुना स्विच बोर्डाला न दुखावता काढणं हे खरं काम, आणि नवशिके हमखास तिथंच चुकतात. मीही चुकलो.

कोणत्या मशीनबद्दल बोलतोय

आपल्याकडे तेव्हा जे टीव्ही गेम घरोघरी होते, ते बहुतेक निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेमच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या आणि आपल्या ‘अमुक इन वन’ कॅसेटही त्याच ६० पिनांच्या. आधीच्या नकलांमध्ये मूळ चिपांच्या प्रती वेगवेगळ्या बसवलेल्या असत. पुढे सगळं एका चिपमध्ये आलं आणि ती चिप डांबराच्या थेंबासारख्या काळ्या गोळ्याखाली गेली. पॉवरचा भाग मात्र बहुतेकांत एकाच धाटणीचा. अडॅप्टरचे ९ व्होल्ट मागच्या जॅकमधून आत येतात, स्विचमधून जातात, ७८०५ नावाच्या तीन पायांच्या रेग्युलेटरमध्ये त्याचे ५ व्होल्ट होतात आणि ते चिपांना मिळतात. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलेला, हात लावला तर चटका देणारा जो भाग दिसतो, तो हाच ७८०५.

म्हणजे गेमच्या डब्यात २३० व्होल्ट कुठेच नाहीत. ते अडॅप्टरमध्येच संपतात, आणि अडॅप्टर आपण उघडणार नाही. ज्या मशीनला भिंतीतली वायर थेट लागते, उदाहरणार्थ पहिला प्लेस्टेशन, सेगा सॅटर्न किंवा ड्रीमकास्ट, त्यांचा पॉवर सप्लाय आतच असतो. तिथं हा लेख वापरू नका. तसं मशीन जाणकाराकडेच द्या.

काय काय लागेल

स्टार स्क्रूड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टिमीटर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची सोल्डर वायर, सोल्डर ओढून घेणारा पंप (दुकानात ‘सकर’ म्हणून मागा), विणलेली तांब्याची डिसोल्डर विक, सोल्डरिंग पेस्टची छोटी डबी, चिमटा, जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. नळाच्या कामाची अॅसिडवाली पेस्ट आणू नका, ती पुढे बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक, म्हणजे वीज नेणाऱ्या पट्ट्या, खाऊन टाकते.

आयर्नचं बिट, म्हणजे पुढचा तापणारा भाग, टोकाला चपटं असेल तर उत्तम. सुईसारखं टोकदार बिट दिसायला नाजूक, पण ते उष्णता नीट पोचवत नाही. मग माणूस तेच जास्त वेळ दाबून धरतो आणि बोर्ड जाळतो. खिडकी उघडी ठेवा, काम करताना खाऊ नका, झाल्यावर हात साबणानं धुवा. या सोल्डरमध्ये शिसं असतं.

आधी स्विचच दोषी आहे ना?

हा भाग टाळून थेट आयर्न तापवणारे बरेच भेटतात. गेम चालू होत नाही याचा अर्थ स्विच गेला असा नाही. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दोष अडॅप्टरच्या वायरचा असतो. पिनेच्या मानेजवळ ती वाकून वाकून आतून तुटते.

मीटर डीसी २० व्होल्टवर लावा. लाल टोक अडॅप्टरच्या पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या धातूला. जुन्या, जड, ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी मोकळा असताना तो १२-१३ दाखवेल. घाबरू नका, गेम जोडला की तो खाली येतो. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर भोकातली बाजू ऋण आहे. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर असाच, आत ऋण आणि बाहेर धन होता. नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून गेमच्या तळाशी जॅकजवळ छापलेली खूण आणि तुमचा अडॅप्टर जुळतात का ते बघून घ्या. शेजाऱ्याच्या राउटरचा अडॅप्टर ‘पिन बसते की’ म्हणून लावू नका. आता मीटर लावलेला असतानाच वायर मानेजवळ हलवा. आकडा नाचला तर स्विचला हात लावायची गरज नाही, वायर बदला.

अडॅप्टर ठीक असेल तर गेम लावून जॅक हलकेच वरखाली करा. लाल दिवा लुकलुकला तर जॅकच्या पायाचं सोल्डर तडकलंय. तेही घरी होणारं काम आहे, पण या लेखातलं नाही.

स्विच दोषी असला की त्याच्या खुणा ठरलेल्या असतात. तो अर्धवट सरकवून बोटानं दाबून धरला तरच गेम चालतो. किंवा टेबलाला धक्का लागला की कॉन्ट्रा पहिल्या पायरीवर परत. किंवा स्विच लुळा पडलेला असतो, ‘टक’ असा आवाजच येत नाही. शेवटच्या प्रकारात थोडं थांबा. वरच्या झाकणातली प्लास्टिकची टोपी आणि आतला खरा स्विच या दोन वेगळ्या वस्तू असतात. पुष्कळदा टोपीचाच आतला दात मोडलेला असतो आणि स्विच ठणठणीत. तो दात अॅराल्डाइटनं चिकटतो, रात्रभर सुकू द्या म्हणजे झालं. झटपट चिकटणारा पातळ गोंद नको. तो वाहत आत जातो आणि चांगला स्विच जाम करतो.

उघडणं

अडॅप्टर काढा, कॅसेट काढा, कंट्रोलर सुटे होत असतील तर तेही काढा. गेम जाड टॉवेलवर उलटा ठेवा. तळाला पाच-सहा स्क्रू दिसतील. सगळे काढूनही झाकण अडत असेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली दडलेला असतो. स्टिकरवर बोट फिरवलं की खड्डा लागतो.

कागदावर गेमचा तळ ओबडधोबड काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथं चिकटपट्टीनं लावा. सगळे सारखेच दिसतात, पण एखादा लांब असतो आणि तो चुकीच्या जागी गेला की वरच्या झाकणातून बाहेर डोकावतो. झाकण उचलताना हळू, कारण कंट्रोलरच्या आणि दिव्याच्या वायरी आखूड असतात. उघडल्या उघडल्या मोबाइलवर चार फोटो काढा. वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका. लाल म्हणजे धन हा नियम या गेमच्या कारखान्यात कुणाला ठाऊक होता असं वाटत नाही. आमच्या गेममध्ये ग्राउंडची, म्हणजे ऋण बाजूची, वायर पिवळी आहे.

पॉवर स्विच बहुतेक वेळा मोठ्या बोर्डावर नसून बोटभर रुंदीच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, सोबत रिसेटचं बटण आणि दिवा. ते बोर्ड दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं. खालून पाहा. बोर्ड तपकिरी असेल आणि तांबं फक्त एकाच बाजूला असेल तर ते कागदी फेनॉलिक बोर्ड आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

पाय ओळखणं

सरकत्या स्विचला तीन किंवा सहा पाय असतात. तीन पायांच्या स्विचमध्ये मधला पाय सामाईक. तो एकदा या बाजूच्या पायाला जोडला जातो, एकदा त्या. सहा पायांचा म्हणजे असेच दोन स्विच शेजारी शेजारी, तीन-तीनच्या दोन रांगा. दाबून अडकणारं चौकोनी बटण असेल तर त्यालाही सहा पाय असतात आणि आत हीच रचना. बोर्डावर बाहेर आलेल्या आणखी दोन टिकल्या दिसल्या तर ते स्विचच्या पत्र्याचे कान. ते नुसत्या आधाराला असतात.

अडॅप्टर काढलेला असताना मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे ‘पी’ वाजणाऱ्या खुणेवर लावा. काळं टोक मधल्या पायाला, लाल बाजूच्या पायाला. स्विच चालूकडे सरकवल्यावर पी वाजायला हवं, बंदकडे नेल्यावर थांबायला हवं. दहा वेळा सरकवा. प्रत्येक वेळी वाजलं पाहिजे. आमच्या स्विचनं दहात चार वेळा साथ दिली (आधी अर्थातच ती ‘डायरेक्ट’ची तार कापावी लागली, नाहीतर मीटर कायमच ओरडत राहतो).

पण पी वाजलं म्हणजे स्विच चांगला, असंही नाही. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, तर गेम चालताना त्यातून काहीशे मिलिअँपिअर जातात. म्हणून खरी परीक्षा गेम चालू असताना. अडॅप्टर लावा, स्विच चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन टोकं स्विचच्या त्याच दोन पायांना लावा. चांगल्या स्विचवर जवळपास शून्य दिसतं, एक-दोन शतांश व्होल्ट. ०.३, ०.५ असं काही दिसलं, किंवा आकडा स्थिर राहीना, तर संपर्क खराब झालाय. तेवढे व्होल्ट स्विचच गिळतोय. टोकं घसरून दोन पाय एकमेकांना लागणार नाहीत एवढं सांभाळा. हात थरथरत असेल तर मीटरच्या टोकांना मगरपकडी (क्रोकोडाइल क्लिप) लावा आणि मगच अडॅप्टर जोडा.

हा आकडा पाहिल्यावर स्विच का मरतो तेही कळतं. कॅसेट नीट लागली नाही की आपण काय करायचो? काढायची, फुंकायची, लावायची, स्विच चालू-बंद करायचा. एका दुपारी तीस-चाळीस वेळा. फुंकण्यातल्या ओलाव्यानं कॅसेटच्या पिना गंजल्या आणि सरकवण्यानं स्विच झिजला.

काढायच्या आधी एक सोपा प्रयत्न

स्विचचं प्लास्टिक शाबूत असेल आणि फक्त संपर्क खराब असेल, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरच्या नळीनं सरकपट्टीच्या फटीत दोन फवारे मारा आणि स्विच पन्नासेक वेळा इकडून तिकडे करा. अर्धा तास वाळू द्या. पुन्हा मोजा. आकडा शून्याजवळ आला तर तुमचं काम इथंच झालं. गंज सोडवायचं तेल मात्र मारू नका. त्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर त्यावर धूळ बसून चिखल होतो.

नवा स्विच आणणं

दुकानात जाताना जुन्याचा फोटो आणि मापं न्या. मापं तीन: दोन शेजारच्या पायांमधलं अंतर, अंगाची लांबी-रुंदी आणि दांड्याची उंची. पायांतलं अंतर पट्टीवर मोजताना पहिल्या पायाच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोननं भागा, चूक कमी होते. चौकोनी दाबबटणं ८.५, ७ आणि ५.८ मिलिमीटर अशा बाजूंची मिळतात. ती दाबल्यावर अडकून राहणारी हवीत. दुकानदार ‘सेल्फ लॉक’ म्हणतो. चुकून नुसतं दाबेपर्यंत चालणारं आणलंत तर गेम खेळताना एक बोट कायम त्यावर.

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दोन्हीकडे असे स्विच पिशवीत शेकड्यानं पडलेले असतात आणि एकाचे पैसे चहा-वड्याच्या आत भागतात. म्हणून चार घ्या. स्विचवर किंवा पाकिटावर करंट लिहिलेला असतो, ०.५ अँपिअर किंवा वर असेल तर या गेमला पुरतो. दांड्याची उंची सर्वात महत्त्वाची. आखूड असेल तर झाकणाची टोपी त्याला पकडतच नाही, लांब असेल तर झाकण बसत नाही. लांब दांडा कापता येतो, आखूड वाढवता येत नाही.

जुना काढणं

आता मुख्य काम. तपकिरी एकेरी बोर्डावर तांब्याचा पॅड, म्हणजे पाय जिथं सोल्डर होतो ती चकती, फक्त गोंदानं चिकटलेला असतो. जास्त तापवला किंवा तापलेला असताना ओढला की सालीसारखा सुटतो. मी पहिल्यांदा असाच एक सोडवला होता. सोल्डर वितळलंय असं वाटलं, चिमट्यानं स्विच खेचला आणि पायाबरोबर तांब्याची चकती वर आली. चकतीला लागून दोन मिलिमीटर ट्रॅकही. त्या दिवशी शिकलो, ओढायचं नाही. स्विच आपला आपण खाली पडला पाहिजे.

गंमत वाटेल, पण सोल्डर काढायच्या आधी थोडं नवं सोल्डर घालायचं. तीस वर्षांचं सोल्डर वरून करपलेलं, मळकट असतं आणि नीट वितळत नाही. प्रत्येक पायावर पेस्टचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका लावा, आयर्न टेकवा, नवी सोल्डर वायर किंचित वितळवा. करड्या, धुरकट टेकाडाचा रंग एका क्षणात पाऱ्यासारखा चकचकीत होतो. तो रंग दिसला की उष्णता पोचली. सगळ्या पायांना एकेक करून हे करा, मध्ये बोर्ड थंड होऊ द्या.

मग सकर. त्याचा दांडा दाबून भरून घ्या. डाव्या हातात सकर, उजव्यात आयर्न. आयर्न पायाच्या एका बाजूनं टेकवा, एक-दोन सेकंदांत सोल्डर हलायला लागेल, दुसऱ्या बाजूनं सकरचं तोंड जवळजवळ टेकवून बटण दाबा. ‘खट्’ आवाज येतो, सकर हाताला उलटा धक्का देतो. पहिल्या तीन-चार वेळा दोन हातांचा मेळ बसत नाही, सकर सुटेपर्यंत सोल्डर थिजलेलं असतं. जमलं नाही तर तोच पाय लगेच पुन्हा तापवू नका. दुसऱ्या पायाकडे जा, मग परत या. एका पायावर एका वेळी तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही, तोंडानं मोजा हवं तर.

उरलेली पातळ साय विकनं टिपायची. विक पायावर ठेवा, वरून आयर्न दाबा, सोल्डर तांब्यात शोषलं जाताना तांबूस पट्टी रुपेरी होत जाते. विक आणि आयर्न एकदमच उचला. आयर्न आधी उचललं तर विक पॅडला चिकटते आणि पुन्हा तीच सालीची गोष्ट.

आता प्रत्येक पाय चिमट्यानं हलकेच डावी-उजवीकडे ढकला. भोकात मोकळा हलला पाहिजे. जो हलत नाही तो अजून धरलेला आहे. तिथं परत नवं सोल्डर, परत सकर. पत्र्याचे कान सर्वात हट्टी, कारण जाड पत्रा उष्णता ओढून घेतो. ते शेवटी घ्या. सगळे मोकळे झाले की बोर्ड उलटा धरून टिचकी मारा. स्विच पडेल.

तासभर झटूनही निघत नसेल तर एक निर्दय पण सुरक्षित उपाय आहे. जुना स्विच तसाही टाकायचाय. वरून नेलकटरनं किंवा छोट्या कटरनं त्याचं अंग तोडा, पाय एकेक सुटे होऊ द्या. सुटा पाय आयर्ननं दोन सेकंदांत निघतो. अभिमान बाजूला ठेवून मी आता पहिल्यापासून असंच करतो.

पॅड सुटलाच तर रडू नका. त्या पॅडचा ट्रॅक जिथं जातो तिथवर नजरेनं जा. ट्रॅकवरचं हिरवं किंवा पारदर्शक लॅकर कटरच्या पात्यानं अर्धा सेंटिमीटर खरवडा. खाली गुलाबी तांबं लागेल. नव्या स्विचच्या पायापासून तिथपर्यंत बारीक वायरचा तुकडा जोडा. आमच्या गेममध्ये तो तुकडा अजून आहे.

नवा बसवणं

भोकं अल्कोहोल आणि ब्रशनं साफ करा, उजेडासमोर धरून आरपार दिसतात का पाहा. नवा स्विच बसवण्याआधी मीटरवर तपासा. नवाही वाईट निघू शकतो आणि तो सोल्डर केल्यावर कळलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तीन पायांचा सरकता स्विच दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, उलटसुलट झाला तरी बिघडत नाही. चौकोनी दाबबटणाचं तसं नाही. ते उलटं बसलं तर दाबल्यावर गेम बंद होतो आणि वर आल्यावर चालू. म्हणून दाबलेल्या अवस्थेत कोणते पाय जोडले जातात ते मीटरनं पाहून मगच दिशा ठरवा.

स्विच भोकांत घाला, अंग बोर्डाला पूर्ण टेकू द्या. एकच पाय सोल्डर करा. बोर्ड उचलून बाजूनं पाहा, वाकडा आहे का? असतोच. त्या एका पायाला परत आयर्न लावून बोटानं स्विच सरळ करा (बोट स्विचच्या प्लास्टिकवर, धातूवर नाही, हे मी अनुभवानं सांगतोय). सरळ झाला की बाकीचे पाय. आयर्न आधी पाय आणि पॅड दोघांना टेकवा, एक सेकंद थांबा, मग सोल्डर वायर जोडाला लावा, बिटाला नाही. सोल्डर पायाभोवती तंबूसारखं चढलं तर जोड चांगला. मोत्यासारखा गोल थेंब नुसता बसलेला दिसला तर पॅड तापलाच नव्हता. इथंही तीन सेकंदांची मर्यादा पाळा, नाहीतर नव्या स्विचचं प्लास्टिक आतून मऊ पडून सरकपट्टी अडकते.

अगदी त्याच मापाचा स्विच मिळालाच नाही तर थोड्या मोठ्या स्विचला बोटभर लांब लवचिक वायरी जोडा, सांध्यांवर स्लीव्ह (वायरीवर चढवायची प्लास्टिकची नळी) चढवा आणि तो झाकणाच्या आत अॅराल्डाइटनं बसवा. बाहेरच्या अंगाला ड्रिल मारून घरगुती टॉगल बसवलेले गेम मी पाहिलेत. चालतात, पण बघवत नाहीत.

चालू करायच्या आधी

भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहा, दोन शेजारच्या पायांत सोल्डरचा पूल झालाय का. स्विच बंद ठेवून आणि चालू ठेवून, दोन्ही वेळा रेग्युलेटरच्या पहिल्या पायापासून (छापील तोंड तुमच्याकडे असताना डावीकडचा) ग्राउंडपर्यंत, म्हणजे त्याच्या मधल्या पायापर्यंत, कंटिन्युइटी पाहा. क्षणभर पी वाजून थांबलं तर तो कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरतोय, चिंता नाही. अखंड वाजत राहिलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, अडॅप्टर लावू नका. सहसा तो स्विचच्या तिसऱ्या पायाशी सापडतो. तो पाय ग्राउंडला गेलेला असेल आणि सोल्डर शेजारी ओघळलं असेल, तर अडॅप्टरच शॉर्ट होईल.

सगळं स्वच्छ असेल तर कॅसेट न लावता, टीव्ही न जोडता अडॅप्टर लावा आणि स्विच चालू करा. ७८०५ चं छापील तोंड तुमच्याकडे असताना डावीकडून पाय असे: आत येणारे व्होल्ट, ग्राउंड, बाहेर जाणारे व्होल्ट. काळं टोक मधल्या पायाला, लाल उजव्याला. ४.८ ते ५.२ च्या मध्ये काहीही आलं तर उत्तम. आमच्याकडे ४.९७ आले. मग स्विच दहा-पंधरा वेळा चालू-बंद करा, दर वेळी दिवा लगेच लागला पाहिजे. शेवटी तीच व्होल्टची परीक्षा नव्या स्विचच्या पायांवर. मीटरवर ०.०१ दिसले तेव्हा मी उगाचच घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले. कुणाला त्यात काही वाटलं नाही.

कॅसेट आता फुंकू नका. कानकाडीवर अल्कोहोल घेऊन पिना पुसा, तिचा बोळा काळा होऊन निघेल. आणि कॅसेट लावताना-काढताना गेम बंदच हवा. ‘डायरेक्ट’मध्ये हाच घोळ होता. भिंतीपर्यंत उठून कोण जाणार म्हणून चालू गेममध्येच आम्ही कॅसेट बदलायचो.

झाकण लावताना टोपी आणि स्विचचा दांडा एकाच टोकाला, म्हणजे दोन्ही ‘बंद’कडे आणून मग बसवा. स्क्रू प्लास्टिकमध्ये आटे पाडून बसलेले असतात. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा, ‘टुक’ करून तो जुन्या आट्यात पडतो, मग आवळा. सरळ आवळला तर नवे आटे पडतात आणि तीस वर्षांचं प्लास्टिक दोन-तीनदाच ते सहन करतं. अडॅप्टरवर पर्मनंट मार्करनं ‘टीव्ही गेम’ आणि आत धन की ऋण ते लिहून ठेवा.

आमचा गेम आता स्विचवर चालू होतो. भाच्यानं मारिओ खेळून झाल्यावर खोक्यातून बंदूक काढली आणि बदकं मारायला बसला. एकही बदक पडेना. ‘‘मामा, परत खराब झाला.’’ तुमच्याकडेही असं होईल, तेव्हा आयर्न तापवू नका. ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी बनवलेली आहे. सपाट टीव्हीवर तिला काही दिसत नाही.